मावशीच्या खोलीचे राखाडी खांब

माझ्या मामांना वस्तू चकचकीत लागते. पितळी समई, बुटांची जोडी, पाहुण्यांसमोर ठेवायचा स्टीलचा पेला, सगळ्यात तोंड दिसलं पाहिजे. दिवाणखान्यात त्यांच्या आजोबांचा फोटो आहे. हे आजोबा संस्थानच्या काळात मोठ्या हुद्द्यावर होते, असं मामा सांगतात. हुद्दा नेमका कुठला, ते मला अजून कळलेलं नाही. माझ्या लहानपणी तो दफ्तरातला होता, मी कॉलेजात गेले तोवर खजिन्यातला झाला आणि हल्ली तर महाराज त्यांना विचारल्याशिवाय सहीच करत नसत. फोटोची चौकट सोनेरी आहे आणि दर दिवाळीला तिला नवा सोनेरी रंग बसतो. आतला फोटो फिका पडत चाललाय, तिकडे कुणाचं लक्ष नाही.

मी बडोद्याबाहेरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. तिथे लोखंडावर जस्ताचा मुलामा चढवतात, ज्याला सगळे गॅल्व्हनायझिंग म्हणतात. पुलांचे कठडे, विजेचे मनोरे, शेडचे नि इमारतींचे सांगाडे आमच्याकडे काळे येतात आणि राखाडी होऊन जातात. आधी लोखंड धुतात, मग ॲसिडमध्ये बुडवून त्याचा गंज काढतात आणि शेवटी वितळलेल्या जस्तात सोडतात. जस्त वर नुसतं चिकटत नाही, लोखंडाशी एकजीव होतं. पुढे ऊनपावसात जे काही झिजायचं ते जस्त झिजतं. एखादा ओरखडा गेला तरी आजूबाजूचं जस्त तिथलं लोखंड सांभाळून घेतं. माझी सगळी नोकरी एवढीच आहे, की हा थर पुरेसा जाड आणि सगळीकडे सारखा आहे ना, ते बघायचं. मामांच्या भाषेत मी "पत्र्याच्या कारखान्यात" आहे. लग्नकार्यात माझी ओळख करून देताना ते एवढंच सांगतात आणि चटकन आजोबांवर येतात.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या त्या घरात मामा, त्यांचा मुलगा आणि माझी मावशी राहत. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मावशीने लग्न केलं नाही. बालवाडीत शिकवलं, घरी येऊन आधी वडिलांचं केलं, मग आईचं केलं, मग मामी गेल्यावर भावाच्या मुलाला वाढवलं. तिची खोली म्हणजे मधली खोली. एका दाराने स्वयंपाकघरात जायचं, दुसऱ्या दाराने न्हाणीघरात. घरातला प्रत्येक माणूस सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून तिच्या पलंगाला वळसा घालून जायचा. साडी बदलायची तर ती दोन्ही दारं ओढून घ्यायची आणि "थांबा हं, मी आहे" असं ओरडत राहायची. उभ्या आयुष्यात तिला आतून कडी लावता येईल अशी खोली मिळाली नव्हती.

मामांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि मधल्या खोलीची भिंत पाडून आत बाथरूम असलेली मोठी खोली करायचं ठरलं. मावशीचं काय, असं मी विचारलं. गच्चीवर लोखंडी सांगाडा उभा करून तिला खोली बांधून द्यायची, असं मामा म्हणाले. घर सिमेंटचं आणि भक्कम असलं तरी वर विटांचं वजन नको, म्हणून हलका सांगाडा. "तू त्यातलीच ने, बघून घे," असं बडोद्याच्या गुजराती मिसळलेल्या मराठीत म्हणून त्यांनी माझ्यावर उपकार केले. मावशीने मला बाजूला घेऊन एकच सांगितलं. "खिडकी कुठेही चालेल गं. दाराला आतून कडी हवी."

संक्रांतीपर्यंत कामाला हात लावायचा नाही, ही पहिली अट. गच्चीवर खांब उभे राहिले तर पतंग कुठून उडवायचे? बहीण कुठे झोपेल हा प्रश्न थांबू शकतो, उत्तरायण थांबू शकत नाही. बरं, थांबलो. मग पाणीगेटकडच्या एका फॅब्रिकेटरला काम दिलं. चौकोनी पोकळ खांब, वर तुळया, सगळं आधी कापून, जोडून, भोकं पाडून घ्यायचं, मग आमच्याकडे जस्तात बुडवायचं आणि गच्चीवर नुसतं बोल्टने जोडायचं. जस्त चढल्यावर वेल्डिंग नाही, कापाकापी नाही. हे मी मामांना नीट समजावलं. मामा म्हणाले, "हो हो, समजलं." त्यांना समजत नाही असं काही नसतंच.

पोकळ खांबांना टोकापाशी भोकं ठेवावी लागतात. खांब जस्तात शिरला की आतली हवा आणि ओल तापते. तिला बाहेर पडायला वाट नसेल तर खांब फुटतो आणि वितळलेलं जस्त भोवतालच्या माणसांवर उडतं. आमच्या कारखान्यात नवीन आलेल्या माणसाला हे पहिल्या दिवशी सांगतात. आमचे खांब ट्रकमधून उतरले तेव्हा मी अंगणातच उभी होते. एकाही खांबाला भोक नव्हतं. जिथे असायला हवं होतं तिथे वेल्डिंग करून, वरून घासून, गुळगुळीत केलं होतं.

मी फॅब्रिकेटरला फोन लावला. तो बिचारा आधीच वैतागलेला होता. "बेन, में तो ना पाडी हती," तो म्हणाला. "पण साहेबे कीधुं, नवा घरमां काणांवाळो थांभलो न चाले, अपशकुन थाय." त्याने नको म्हटलं होतं, पण नव्या घरात भोकाचा खांब म्हणजे अपशकुन, म्हणून मामांनी स्वतः दुकानात बसून ती भोकं बुजवून घेतली होती. लक्ष्मी तिथून बाहेर जाईल म्हणे. घरातली लक्ष्मी आयुष्यभर न्हाणीघराच्या वाटेवर झोपत होती, तेव्हा ती कुठून बाहेर जाईल याची काळजी कुणाला पडली नव्हती. आणि जस्ताच्या हौदाशी उभी राहणारी आमची माणसं, त्यांचे हात, त्यांचे डोळे? त्यांच्यासाठी मामांच्या पंचांगात काही दिलेलं नसावं. त्या दिवशी मला मामांची जी किळस आली ती आजही तशीच आहे.

मी सगळी भोकं पुन्हा पाडून घेतली. मामांना कारखान्यात बोलावलं आणि हे सगळं कसं चालतं ते दाखवलं. वाटलं, डोळ्यांनी बघितलं की अक्कल येईल. मामा प्रेसच्या कपड्यांत आले, नाकाला रुमाल लावून फिरले, ॲसिडच्या हौदापाशी जरा रेंगाळले. गंजकं लोखंड आत जातं आणि स्वच्छ होऊन बाहेर येतं, हे त्यांना फार आवडलं. जस्ताच्या हौदाकडे त्यांनी फारसं बघितलं नाही. तिथे उकडत होतं.

खांब तयार झाले आणि राखाडी निघाले. काही पोलाद असंच असतं. त्याच्यावर जस्त जाड बसतं आणि चकाकत नाही. उलट जाड बसतं म्हणून जास्त टिकतं. ट्रक दांडिया बाजारात पोचला आणि मामा गॅलरीतून ओरडले, "हे काय जुनं लोखंड आणलंस?" शेजारच्यांनी गच्चीवर सोलरचा सांगाडा बसवला होता, तो चांदीसारखा चमकत होता. मामांच्या पोटात दुखलं ते तिथे. सांगाडा उभा राहीपर्यंत ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "भाचीने स्वतःच्या कारखान्यातला रिजेक्ट माल आपल्या माथी मारला." लोकही मान हलवत होते. आमच्या लोकांना कुणाची फसवणूक झाली म्हटलं की चहा जास्त गोड लागतो.

खोली मात्र छान झाली. पांढऱ्या भिंती, वर उन्हाचा ताप न येणारं छप्पर, पूर्वेला खिडकी. दाराची चौकट त्याच सांगाड्याची होती आणि तिला आतून कडी. मावशीने ती माझ्यासमोर लावली, काढली, परत लावली. मला म्हणाली, "जरा बाहेर जा बघू." मी बाहेर गेले. तिने आतून कडी लावली आणि दार ओढून बघितलं. मग दार उघडून म्हणाली, "चहा घेणार?"

मग कंपनीच्या कामासाठी मला कच्छात जावं लागलं. परत आले ती थेट वास्तुशांतीला. गच्चीवर पाय ठेवला आणि बघतच राहिले. सगळे खांब आरशासारखे चमकत होते. मामा हात पसरून उभे होते, जणू त्यांनी स्वतः सूर्य पुसून आणला होता.

"बघ! तुझ्या कारखान्याला जे जमलं नाही ते मी करून दाखवलं," ते म्हणाले. त्यांनी बाथरूमच्या फरशा धुवायचं ॲसिड डबे भरून आणलं होतं आणि दोन माणसांकडून सगळा सांगाडा घासून घेतला होता. भोकं पुन्हा बुजवली होती ती वेगळीच. "काय फेस येत होता, सांगू! पांढरा, सळसळ करत. एवढा मळ होता त्याच्यावर. आणि वरून चंदेरी रंगाचे दोन हात."

मळ नव्हता तो. ते जस्त होतं. जे चढवायला आमची माणसं आगीपुढे उभी राहिली होती ते त्यांनी मोरीत वाहून घालवलं आणि फेस बघून खूश झाले. मी एवढंच म्हणाले, "मामा, जस्त गेलं सगळं. आता हे साधं लोखंड आहे."

"तुमच्याकडेपण ॲसिडनेच साफ करतात ने? मी स्वतः बघितलंय," मामा म्हणाले. "आधी!" मी ओरडले. "जस्ताच्या आधी! नंतर नाही!" भटजींनी वर बघितलं. मामा म्हणाले, "बस ने आता. शुभ दिवशी कटकट नको. पावसाळ्यात बघू."

त्यावर कडी म्हणजे त्यांनी भाषण केलं. जमलेल्या नातेवाइकांसमोर, पेढ्याचं ताट हातात धरून. कारखान्यात मी सांगितलेलं एकच वाक्य त्यांच्या लक्षात राहिलं होतं, जस्त झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. ते त्यांनी मावशीला लावलं. आमची बहीण या घरासाठी अशीच झिजली, असं म्हणाले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. उपमा द्यायला काय जातं? ज्याला खरं जस्त ठेवता आलं नाही तो माणूस शब्दांतलं जस्त वाटत होता. मावशीने एक पेढा उचलला आणि खाल्ला. मी तिला बाजूला घेऊन झालेला प्रकार सांगितला. ती म्हणाली, "कडी लागते ना? मग मला पुष्कळ आहे."

पावसाळा आला. मामांचा चंदेरी रंग आषाढातच फुगला आणि त्याच्याखालून तांबड्या रेघा उतरायला लागल्या. ॲसिड जोडांमध्ये आणि बोल्टांच्या खाली राहून गेलं होतं, ते नीट धुवायचंही कुणाला सुचलं नव्हतं, म्हणून तिथे गंज सगळ्यात आधी धरला. मावशीच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवर तांबडे डाग पडले. मामा म्हणाले, "दोरी जरा लांब बांध."

आणि मग एका दुपारी ती कडी अडकली. चौकट गंजली होती, कडी तिच्यात रुतून बसली. मावशी आत. तिने हाका मारल्या, दार बडवलं. खाली टीव्हीवर मॅच चालू होती आणि मामांना हाक ऐकू आली तरी ती कामासाठी आहे असं समजून ओ न द्यायची सवय होती. शेवटी शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे उचलायला आलेल्या गुजराती बाईंनी ऐकलं आणि त्यांच्या मुलाने उडी मारून येऊन हातोडीने कडी तोडली. मावशीला मधुमेह आहे. ती घामाने भिजून पलंगावर बसली होती.

मला फोन आला, मी कारखान्यातून तशीच निघाले. दिवाणखान्यात मामा, त्यांचा मुलगा, नवी सून बसलेली. मावशी आतल्या खोलीत पडलीय असं मला सांगितलं. मी मामांना म्हटलं, हे आता रंगारंगोटीने भागणार नाही. सांगाडा बोल्टचा आहे. सोडवायचा, कारखान्यात न्यायचा, रंग आणि गंज उतरवून परत जस्तात बुडवायचा. तेवढे दिवस मावशी खाली राहील.

"खाली कुठे?" मामा म्हणाले. "आता कुठे जागा आहे? आणि गणपती तोंडावर आले. त्यापेक्षा कडी काढून टाकू. तिला कडी हवीच कशाला? वर कोण जातंय?"

मी म्हणाले, नुसत्या कडीचा प्रश्न नाही, गंज सांगाडा खातोय आतून. मामांनी हिशोबी माणसासारखे डोळे बारीक केले. "पण लगेच काय पडत नाही ने? रंग मारत राहिलो तर दहाएक वर्षं जातील की नाही?"

"जातील," मी म्हणाले.

"मग झालं तर. दहा वर्षं पुरे की."

कशाला पुरे, ते कुणीच विचारलं नाही. नव्या सुनेने मोबाइलकडे बघितलं. मावशीचं वय सगळ्यांना माहीत होतं. मला त्या माणसाच्या शर्टाची कॉलर धरावीशी वाटली. एवढ्यात आतल्या खोलीचा पडदा हलला आणि मावशी बाहेर आली. ती झोपली नव्हती. ती सरळ जिन्याने वर गेली. मी मागे जायला लागले तर म्हणाली, "तू गादी धर."

आम्ही गादी खाली आणली, मग उशी, मग तिची ट्रंक. दिवाणखान्यात आजोबांच्या फोटोखालचा कोपरा आहे, तिथे दर वर्षी गणपतीचं मखर बसतं. मामा मखराची तयारी महिनाभर आधी सुरू करतात. थर्माकोल बंद झाल्यापासून पुठ्ठ्याला सोनेरी कागद लावतात, अर्थात चकचकीत. मावशीने बरोबर त्या कोपऱ्यात गादी घातली आणि तिच्यावर बसली.

"अगं, हे काय? तिथे गणपती बसतात," मामा म्हणाले.

"बसू देत. मी सरकून घेईन," मावशी म्हणाली. "खांब जस्तात जाऊन परत येईपर्यंत मी इथेच आहे, दादा."

मामांना वाटलं, दोन दिवसांत उठेल. ती उठली नाही. सांगाडा सोडवायला माणसं लावण्यात मामांनी आठवडा घालवला, मग पावसाने घालवला, आणि चतुर्थी आली. त्या वर्षी गणपती आणि मावशी शेजारी शेजारी बसले. मामांच्या घरचा गणपती बघायला अर्धा दांडिया बाजार येतो. आलेला प्रत्येक जण नमस्कार करायचा, प्रसाद घ्यायचा आणि मग गादीकडे बघून विचारायचा, "मावशी, तुम्ही इथे कशा?"

मावशी आवाज चढवत नसे. बालवाडीतल्या मुलांना गोष्ट सांगावी तशी सांगायची. "माझी खोली गंजली. दादा म्हणाला, दहा वर्षं टिकेल, तेवढी हिला पुरे. म्हणून मी इथे बसलेय, बघू किती पुरतात." आणि प्रसादाची वाटी पुढे करायची. मामा आरतीचं ताट घेऊन तिथेच उभे असायचे. पहिल्या दिवशी हसून म्हणाले, "थट्टा करते ती." दुसऱ्या दिवशी ते हसले नाहीत. तिसऱ्या दिवशी खंडेराव मार्केटमधल्या त्यांच्या फुलवाल्याने हारांची पुडी देता देता विचारलं, "काका, बेन माटे रूम थई गयो?" बहिणीची खोली झाली का, असं फुलवाला विचारतो, म्हणजे गोष्ट गावभर झाली होती. लोक काय म्हणतील, या एकाच देवाला मामा मनापासून भितात.

विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी खांब कारखान्यात आले. बुजवलेली भोकं मी पुन्हा पाडून घेतली आणि या वेळी त्यांना कुणी हात लावला नाही.

ते परत आले ते आधीसारखेच राखाडी. सांगाडा उभा राहिला, खोली लागली, नवी कडी बसली. मामा वर आले, खांबाभोवती फिरले, बोट लावून बघितलं. काही बोलायची सोय नव्हती, तरी बोलल्याशिवाय त्यांना राहवत नाही. मला विचारलं, "हे आता किती वर्षं टिकेल म्हणायचं?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात मावशी म्हणाली, "तिला कशाला विचारतोस? मी सांगते. मी तुला पुरून उरेन आणि हे मला. आता जा खाली, मला साडी बदलायचीय."

मामा जिन्यापर्यंतही पोचले नव्हते, तोवर तिने आतून कडी लावली.